माऊली, तेवढं कुत्रं आवरा

वारीत सगळ्या सोयी होतात, भांडणाची तेवढी होत नाही. भांडायचं तर आधी समोरच्याला काहीतरी म्हणावं लागतं, आणि वारीत म्हणायला एकच शब्द आहे: माऊली. पायावर पाय देणारा माऊली, रांगेत मध्येच घुसणारा माऊली, टँकरच्या नळाखाली निवांत साबण चोळत बसलेलाही माऊली. बंदोबस्ताचा पोलीस एरवी काय म्हणत असेल ते असो, आषाढात तोसुद्धा 'माऊली, जरा मागं सरका' असंच म्हणतो. 'अहो माऊली' अशी सुरुवात करून पुढे आवाज चढवायचा, तर अंगात प्रतिभा लागते. ती माझ्यात नाही. आमच्या आत्यात आहे, पण ती तिने घरच्यांसाठी राखून ठेवली आहे.

आणि नातेपुत्याच्या तळावर आमच्या शेजारच्या दिंडीत कुत्रं निघालं.

ज्ञानेश्वर माऊलींची पालखी धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात शिरते. आम्ही सोलापूरकर तिथपर्यंत एसटीने जातो आणि तिथून चालायला लागतो. आळंदीपासून चालून रापलेली मंडळी आमच्या कोऱ्या चपलांकडे बघून 'आले का पाहुणे?' म्हणतात. पुढे नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम. दुपारी ओसाड दिसणाऱ्या रानात संध्याकाळपर्यंत तंबू-राहुट्यांचं एक शहर उभं राहतं आणि दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत नाहीसं होतं. आजच्या सोहळ्याची घडी बसवली ती हैबतबाबा आरफळकरांनी. ते शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार, त्यामुळे सगळी शिस्त लष्करी. रथापुढे 27 दिंड्या, बाकीच्या रथामागे, प्रत्येकीला नंबर, आणि नंबर सोडून कुणी चालायचं नाही. तळावरही ज्याची त्याची जागा वर्षानुवर्षं ठरलेली. शहरात शेजार पटला नाही तर माणूस फ्लॅट विकून मोकळा होतो. इथे शेजार परंपरेने आलेला असतो आणि परंपरा विकता येत नाही.

शेजार म्हणजे किती जवळचा, तर आमच्या पालाची मेख आणि त्यांच्या ट्रकचं मागचं चाक यांत हातभर अंतर. त्या हातभर जागेत कुत्रं बांधलेलं. तपकिरी रंग, एक कान उभा, एक पडलेला. गळ्यात तुळशीची माळ. कपाळावर बुक्का, आणि तो बुक्का पुसला जाऊ नये म्हणून की काय, मान ताठ. आम्ही सामान उतरवलं तेव्हा ते भुंकलं. आत्या म्हणाली, "नवीन माणसं बघितली की भुंकायचंच. थांबेल आता."

थांबलं नाही.

त्या रात्री आमच्या तंबूत आमच्याच दिंडीप्रमुख महाराजांचं कीर्तन होतं. महाराजांनी दृष्टान्ताला नेमकी नामदेवांची गोष्ट घेतली. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस देवा म्हणून. महाराजांचा गळा दाटून आला. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. शेजारच्या दिंडीतून ऐकायला आलेले एक तात्या अगदी पुढच्या रांगेत बसून रडत होते. 'ज्याला कुत्र्यात विठ्ठल दिसला नाही, त्याला पंढरपुरातही दिसणार नाही,' असं महाराजांनी ठणकावून सांगितलं आणि बाहेरून त्याला साग्रसंगीत दुजोरा मिळाला.

दोन तासांनी तेच महाराज अंधारात चप्पल शोधत होते. पायात घालायला नव्हे.

कुत्र्याची बाजू समजून घ्यायची तर त्याच्या जागी बसून बघावं. त्यांच्या दिंडीत माणसं दीड-दोनशे. त्या सगळ्यांचा वास त्याला पाठ होता, त्यांच्यावर ते कधीच भुंकलं नाही. पण राखण करायची एका तंबूची आणि तळावर अनोळखी माणसं काही लाख. कुणी पाणी आणायला जातंय, कुणी टमरेल घेऊन निघालंय, कुणी आपला तंबू चुकून दुसऱ्याच्या तंबूत शिरतंय. यातल्या प्रत्येकाची नोंद घ्यायची ठरवली तर रात्र पुरत नाही. शिवाय रोज नवी हद्द. आजच्या मुक्कामाच्या चारी कोपऱ्यांवर रीतसर खुणा करून होतात न होतात तोच पहाटे तुतारी वाजते, तंबू उतरतात आणि सगळं काम मातीत. त्यात गावची कुत्री वेशीवरून उत्तर देतात, ती वेगळीच.

माझ्याकडे उपाय होते. पहिला, सोलापुरी चादर डोक्यावरून घेणं. या चादरीचा लौकिक मोठा आहे, पण ती थंडी अडवते, आवाज नाही. दुसरा, कापसाचे बोळे. आत्याच्या पिशवीत वातींचा कापूस होता. तो मागितल्यावर तिने कुशीवर वळता वळता सांगितलं, "वाती देवाला लागतात, तुझ्या कानांना नाही." तिसरा उपाय लाच. मी घरून आणलेली कडक भाकरी काढली, तिच्यावर शेंगाचटणी भुरभुरली आणि अंधारात हात लांब करून चाकापाशी ठेवली. भुंकणं बंद झालं. पण कडक भाकरी ज्याने खाल्ली आहे त्याला ठाऊक आहे, ती गुपचूप खाता येत नाही. कडाड्-कडाड् असा आवाज सुरू झाला आणि त्या आवाजाने भुंकूनही जागे न झालेले चारजण जागे झाले. भाकरी संपल्यावर कुत्र्याने चटणीसाठी वेगळं भुंकून घेतलं.

आता सगळेच जागे होते. दिंडीत एक निवृत्त गुरुजी आहेत. सगळे जागे आहेत म्हटल्यावर तास घेतल्याशिवाय त्यांना राहवत नाही. "आपल्या जिल्ह्यात नान्नजला माळढोकचं अभयारण्य आहे, 1979 सालचं," त्यांनी सुरुवात केली. "त्या माळरानावर लांडगेही आहेत. कुत्रा लांडग्याच्याच कुळातला. पण लांडगा लांब सूर काढून कोल्हेकुई करावी तसा ओरडतो, भुंकतो मात्र फार क्वचित. भुंकायची ही सवय कुत्र्याने माणसाजवळ राहून वाढवली."

"म्हणजे संगतीचा परिणाम," महाराज म्हणाले.

"तसंच. माणसाने लक्ष दिलं, म्हणून ते भुंकत राहिलं."

"मग आपण लक्ष देऊ नये, असं का?"

"आता उशीर झाला. काही हजार वर्षं झाली."

कोपऱ्यातून एक तरुण म्हणाला, "रात्रीत गुपचूप दावं सोडून देऊ. जाईल कुठेतरी." गुरुजी उठूनच बसले. "अजिबात नाही! 2024 साली काय झालं माहीत आहे? निपाणीजवळ यमगर्णी गाव आहे. तिथला एक काळा कुत्रा मालकाबरोबर पायी पंढरपूरला आला आणि गर्दीत हरवला. मालकाने शोधशोध शोधलं, शेवटी घरी गेला. दुसऱ्याच दिवशी हा पठ्ठ्या दारात शेपूट हलवत उभा! अडीचशे किलोमीटर एकटा गेला. गावाने हार घातला, जेवणावळी घातल्या. तुम्ही याला इथे सोडाल, हा परत येईल, आणि मग गावजेवण आपल्याला घालावं लागेल."

"काय नाव त्या कुत्र्याचं?" महाराजांनी कौतुकाने विचारलं.

गुरुजी जरा चाचरले. "महाराज."

"हां, बोला ना."

"नाही, तेच नाव. महाराज."

त्यानंतर त्या विषयावर चर्चा झाली नाही.

पहाटे तीनच्या सुमारास महाराज स्वतः शेजारी गेले. मी कंदील धरायला. ट्रकच्या फाळक्यावर तेच तात्या बसले होते, कीर्तनात पुढच्या रांगेत रडलेले. कुत्रं त्यांचंच. महाराजांना बघून ते धडपडत खाली उतरले आणि थेट पाया पडले. महाराजांनाही वाकावं लागलं, कारण वारीत पाया पडणाऱ्याच्या पाया पडायची रीत आहे. दोघेही वाकलेले आणि मध्ये कुत्रं भुंकतंय. तक्रारीची सुरुवात याहून अवघड जागी झालेली मी पाहिली नाही.

"माऊली, तेवढं कुत्रं आवरा," महाराज कसेबसे म्हणाले.

"आवरतो की. मुक्या, गप रे!"

"नाव काय म्हणालात?"

"मुक्या," तात्या म्हणाले. "पिल्लू हुतं तवा ह्येला आवाजच नव्हता बघा. आई मेली, ह्ये चुलीपाशी पडून ऱ्हायचं. कुई न्हाई का कुं न्हाई. समदी म्हणायची, मुकं हाय बिचारं. म्या पांडुरंगाला साकडं घातलं. देवा, ह्येला वाचा दे, म्या दर साली ह्येला वारीला आणतो." त्यांनी कानाला हात लावला. "दिली की वो देवानं."

मुक्याने ती कशी दिली आहे ते तिथल्या तिथे दाखवलं.

आता याच्यापुढे काय बोलणार? तक्रार करायची तर ती कुत्र्याविरुद्ध राहिली नव्हती, थेट पांडुरंगाविरुद्ध जात होती, आणि तिचा निकाल लागायला अजून चार मुक्काम होते. तरी महाराजांनी धीर करून विचारलं, "पण रात्री जरा कमी..."

"तुमीच म्हणला न्हव का कीर्तनात," तात्यांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं, "कुत्र्यात इठ्ठल बघा म्हणून? काय बोललासा वो महाराज!"

आम्ही परत आलो. महाराज आडवे होता होता एवढंच म्हणाले, "दृष्टान्त उद्यापासून हरणाचा घेऊ."

दुसऱ्या दिवशी वाटेवर एक गोष्ट ध्यानात आली. आम्ही सकाळपासून ऊन, पाऊस, धूळ खात चालत होतो. सदाशिवनगरला गोल रिंगण झालं. अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व येतात, एकावर जरीपटका घेतलेला स्वार आणि दुसरा मोकळा, कारण त्याच्यावर साक्षात माऊली बसलेली असते अशी श्रद्धा. ते दोन्ही घोडे वाऱ्यासारखे फिरले, लोकांनी टापांखालची माती कपाळाला लावली आणि सगळा माळ नाचायला लागला. या सगळ्यात मुक्या कुठे होता? ट्रकमध्ये, ज्वारीच्या पिठाच्या पोत्यावर, चारी पाय वर करून गाढ. दिवसभर झोप, रात्री ड्युटी. माझी नोकरी नेमकी उलटी आणि पगार तरी मिळतो. माळशिरसला पोचलो तेव्हा आमचे डोळे तांबडे होते आणि तो आळस देत खाली उतरला.

ज्यांनी पालखीतळावरची समाजआरती पाहिली नाही, त्यांना पुढचा प्रसंग कळण्यासाठी थोडं सांगायला हवं. पालखी तळावर आली की सगळ्या दिंड्या भोवती गोल उभ्या राहतात. शेकडो दिंड्यांचे टाळ-मृदंग एकदम घुमत असतात. कानाशी तोंड नेऊनसुद्धा शेजाऱ्याचं ऐकू येत नाही. मग चोपदार आपला दंड उंच धरतात आणि 'होऽऽ' अशी आरोळी देतात. त्याबरोबर सगळा तळ गप्प. लाखभर माणसांत कुणी खोकतसुद्धा नाही. सरकारला कायदा करून जे जमलेलं नाही, ते एका दंडावर होतं. पण याच शांततेत तक्रारीची सोय ठेवलेली आहे. एखाद्या दिंडीला काही अडचण असेल, पाणी मिळालं नसेल, जागेचा वाद असेल, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. चोपदार त्या दिशेने जातात, गाऱ्हाणं ऐकतात, निवाडा होतो. मग हरवलं-सापडलं पुकारतात, उद्याची निघायची वेळ सांगतात आणि आरती होते. अर्ज नाही, तिकीट नाही, खिडकी नाही. भांडणाला शब्द नाही म्हणून वारीने टाळ दिला आहे.

आम्ही दुपारभर वाटेत ठरवलं होतं की टाळ वाजवायचा. महाराज तयार होते. विणेकरी तयार होते. दंड वर गेला, 'होऽऽ' झालं, तळ गपकन शांत झाला. आमच्या टाळकऱ्यांनी महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी आकाशाकडे पाहिलं. एवढ्या शांततेत पहिला टाळ मारायला छाती लागते, आणि आमच्या छात्या धूळ खाऊन आधीच भरल्या होत्या. टाळ काही वाजेना.

तेवढ्यात मुक्या भुंकला.

तात्यांनी आरतीला त्याला कडेवर घेऊन आणलं होतं. एकटं कसं ठेवायचं म्हणून. त्या शांततेत ते भुंकणं असं काही उमटलं की हजारो मुंडासी एकदम वळली. चोपदार निघाले. गाऱ्हाणं आहे म्हटल्यावर त्यांना जावंच लागतं, कुणी आणि कशाने वाजवलं हा प्रश्न नंतरचा. हातात दंड घेऊन माणूस जवळ येतोय हे पाहिल्यावर मुक्या गप्प झाला. माणसं दंड वर गेला की गप्प होतात, कुत्री दंड जवळ आला की. तत्त्व एकच.

"काय तक्रार माऊली?" चोपदारांनी तात्यांना विचारलं.

"आमची कायबी न्हाई," तात्या निरागसपणे म्हणाले. "ह्यांची हाय." आणि त्यांनी बोट आमच्याकडे केलं.

आता हजारो मुंडासी आमच्याकडे वळली. महाराज दोन पावलं पुढे झाले. घसा खाकरला. तात्या त्यांच्याकडे हात जोडून पाहत होते, त्यांच्या कडेवर मुक्या जीभ बाहेर काढून पाहत होता, कपाळावरचा बुक्का घामाने थोडा ओघळलेला. महाराजांच्या मनात नामदेव, तूप, भाकरी असं सगळं येऊन गेलं असावं.

"तक्रार अशी नाही माऊली," ते म्हणाले. "हरवलं-सापडलंमध्ये तेवढं पुकारा. नातेपुत्याला आमची झोप हरवली आहे. कुणाला मिळाली तर आणून द्यावी."

जवळच्या दिंड्या हसल्या, मग त्यांच्यामागच्या, काय झालं ते न कळलेल्याही. निवाडा असा काही झाला नाही. रात्री मात्र आमच्या तंबूत आत्याने तो केला. ती कणीक मळत होती. न बघताच म्हणाली, "तुम्ही सगळे शिकलेले. ते भुंकतं का? ओळख नाही म्हणून. मग ओळख करून द्या की. त्यांच्या दिंडीवर भुंकतं का ते?"

गुरुजींनी तोंड उघडलं आणि मिटलं. काही हजार वर्षांच्या इतिहासात ही शक्यता त्यांच्या ध्यानात आली नव्हती.

मग सगळी दिंडी रांगेने ट्रकपाशी गेली. प्रत्येकाच्या हातात पोळीचा तुकडा. तात्या मुक्याला ओळख करून देत होते, "ह्ये महाराज, कीर्तन करत्यात. ह्ये गुरुजी. ह्येनी काल भाकर दिलती." मुक्या एकेकाचा हात हुंगायचा, तुकडा घ्यायचा, पुढचा. ज्यांना सवय होती ते हात हुंगून झाल्यावर त्याच्याही पाया पडले. म्हातारी माणसं तर दर्शनबारीत असल्यासारखी पुन्हा मागे जाऊन उभी राहत होती, पण ती पोळी स्वतःच खाताना सापडली. त्या रात्री मुक्या आमच्या मेखेला पाठ लावून बसला आणि आमच्यावर एकदाही भुंकला नाही. आम्ही झोपलो. एवढे झोपलो की पहाटेची तुतारी शेजाऱ्यांनी हलवून ऐकवली.

वेळापूरच्या अलीकडे धावा असतो. तिथून तुकोबांना मंदिराचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी कथा. म्हणून त्या उतारावर सगळी वारी धावते. तात्यांनी त्या दिवशी मुक्याला मुद्दाम पायी आणलं होतं. पळणाऱ्याच्या मागे लागायचं हा कुत्र्याचा धर्म. इथे लाखो माणसं एकदम पळायला लागली. मुक्या उठला, एकाच्या मागे दोन पावलं गेला, दुसऱ्याच्या मागे एक, मग गोल फिरला, आणि शेवटी रस्त्याच्या कडेला बसून त्याने मान पाडली. इतक्या कामापुढे हात टेकलेला सरकारी माणूससुद्धा मी इतका खचलेला पाहिला नाही. आत्याने त्याला पाणी पाजलं.

संध्याकाळी वेळापूरच्या तळावर समाजआरती. दंड वर गेला. 'होऽऽ' झालं. सगळा तळ शांत. आणि त्या शांततेत टाळ वाजत राहिले. खण्, खण्, खण्. आमच्या पलीकडची दिंडी. चोपदार तिकडे गेले, काहीतरी बोलणं झालं आणि त्या दिंडीतल्या सगळ्यांनी एकदम आमच्या आणि तात्यांच्या दिशेने हात केले. महाराजांनी पुन्हा आकाशाकडे पाहिलं. आता मुक्याच्या राखणीत आम्हीही आलो होतो, त्यामुळे रात्रभर तो आमच्या वतीने पलीकडच्यांवर भुंकला होता. आम्हाला ऐकू आलं नव्हतं. आपल्या बाजूने भुंकणारं कुत्रं फारसं ऐकू येत नाही.

"त्यांचीही ओळख करून द्यायला लागणार," आत्या तंबूत येता येता म्हणाली. "उद्या पोळ्या जास्त करा."

"मग त्यांच्या पलीकडची दिंडी आहे," गुरुजी म्हणाले. "आणि वाखरीला तर सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात."

परातीभोवती बसलेल्या बायकांनी पिठाच्या पोत्याकडे पाहिलं. गणित त्यांना आमच्याआधी सुटलं होतं. त्यातली एक म्हणाली, "अन् एकादशीला काय करायचं? त्या दिवशी कुठली पोळी?"

प्रश्न बिनतोड होता. साबुदाणा खातो का, हे विचारायला एका पोराला तात्यांकडे पिटाळलं. तो पळत परत आला. "तात्या म्हणाले, मुक्याला एकादशी असतीच. साबुदाणा खातो, पण दाण्याचं कूट जास्त लागतं."